दारात शिरलेलं पाणी जातं कुठं?

मोटारीचं दार पाणी अडवण्यासाठी बनवलेलं नसतं. पाणी आत घ्यायचं आणि गुपचूप बाहेर सोडायचं, अशीच त्याची रचना असते. पहिल्यांदा ऐकताना हे खरं वाटत नाही. पण काच खाली-वर व्हायची तर काच आणि पत्रा यांच्यात फट ठेवावीच लागते. बाहेरची रबरी पट्टी काचेवरचं बरंचसं पाणी पुसून काढते, उरलेलं काचेबरोबर दाराच्या पोटात उतरतं. दर पावसात, नव्याकोऱ्या गाडीतही.

आतल्या पत्र्याला लॉकसाठी, वायरींसाठी, काचेच्या यंत्रणेसाठी मोठमोठी भोकं असतात. त्यांवर प्लास्टिकचा एक पातळ पडदा डकवलेला असतो आणि त्याच्यावर आपल्याला दिसणारं डोअर पॅड. पडद्यावर आलेलं पाणी त्यावरूनच ओघळत तळाशी जातं आणि दाराच्या खालच्या कडेला ठेवलेल्या बारीक भोकांतून रस्त्यावर पडतं. दार उघडून खाली वाकून पाहिलं तर ती भोकं दिसतात. इतकं शहाणपण रोज हाताखालून जातं आणि आपल्याला पत्ता नसतो!

छत्रपती संभाजीनगरात हा विषय हल्ली जास्त जिव्हाळ्याचा झाला आहे. वेरूळ तीसेक किलोमीटरवर, अजिंठा शंभरेक. मुक्कामासकट गाडी घेऊन फिरणाऱ्यांना याहून चांगलं ठाणं कुठलं? राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि व्हॅनमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेणारे हौशी लोकही आहेत. मग पहिल्या जोरदार पावसात दारापाशी गालिचा भिजतो. रबर बदललं जातं, सिलिकॉन भरलं जातं, पुढच्या पावसात पाणी पुन्हा हजर.

याचं मोठं कारण असं की पाणी जिथं दिसतं, तिथून ते शिरलेलं नसतं. अजिंठ्याचं उदाहरण घ्या. तिथला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. माथ्यावर पडलेलं पाणी भेगांतून आणि दोन थरांमधल्या मऊ पट्ट्यांतून आडवं वाट काढत जातं आणि भलत्याच ठिकाणी लेण्याच्या छताला ओल दिसते. चित्रं जपणाऱ्यांना म्हणूनच डागापेक्षा वरच्या डोंगराची काळजी जास्त करावी लागते. व्हॅनमध्येही तेच. छतावरच्या पंख्याच्या कडेने शिरलेलं पाणी आतल्या प्लायवूडमागून, वायरीच्या जुडग्यावरून घरंगळत दारापाशी टपकतं आणि आळ येतो दारावर.

पाणी नुसतं खालीही जात नाही. शहरातल्या पाणचक्कीत डोंगरातून खापरी नळांनी आणलेलं पाणी उंच भिंतीवर चढून चाकावर कोसळतं. त्याला चढवतो तो मागच्या उंचावरच्या पाण्याचा दाब. दाराच्या फटीत असा दाब नसतो, तिथं फटच पाण्याला ओढते. दोन स्वच्छ पृष्ठभागांमध्ये एक मिलिमीटर अंतर असेल तर पाणी साधारण दीड सेंटिमीटर वर चढू शकतं. अंतर अर्धा मिलिमीटर झालं तर तीन सेंटिमीटर, आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं झालं तर पंधरा! फट जितकी अरुंद, तितका तिचा ओढा जास्त. म्हणून घाईघाईने भरलेलं सीलंट कधी कधी उलट काम करतं. मोठी फट बुजून केसाएवढी उरते आणि तीच पाणी खेचू लागते. घराच्या छज्ज्याखाली गवंडी एक खाच ठेवतात ती पाण्याचं हे चिकटणं तोडण्यासाठी. छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे निघालेलं पाणी त्या खाचेपाशी अडतं आणि थेंब होऊन गळून पडतं. गाडीच्या छताच्या कडेची पन्हळही याच कुळातली.

त्यात वाऱ्याची भर. ताशी 80 किलोमीटर वेगाला समोरचा वारा अंदाजे 300 पास्कल दाब देतो, म्हणजे तीन सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. उभ्या गाडीत न गळणारं दार समृद्धी महामार्गावर गळतं ते यामुळे. आणि आतला एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर गाडी स्वतःच फटींतून हवा, आणि हवेबरोबर पाणी, आत ओढत असते.

आता दाराचं रबर पाहा. ते पोकळ नळीसारखं असतं, दार मिटलं की चेपतं. त्याला बारीक छिद्रं असतात. ती पाहून रबर फाटलं असं समजू नका. चेपताना आतली हवा बाहेर पडायला ती मुद्दाम ठेवलेली असतात. हे रबर बहुधा ईपीडीएम नावाचं. साध्या नैसर्गिक रबराच्या लांबलचक रेणूच्या कण्यातच दुहेरी बंध असतात, आणि हवेतला ओझोन नेमका त्यांनाच तोडतो. ईपीडीएममध्ये असे बंध बाजूच्या फांद्यांवर ठेवलेले असतात. फांदी तुटली तरी कणा शाबूत. मराठवाड्याच्या उन्हात वर्षानुवर्षं ते टिकतं ते या मांडणीमुळे. मात्र सतत दबून दबून त्याची उसळी हळूहळू जाते.

रबर दाबतंय की नाही हे कळायला दारात कागदाची पट्टी धरून दार लावावं आणि पट्टी ओढावी. ती सहज सुटली तर तिथं दाब नाही. कदाचित रबर ठीक असेल, बिजागरी उतरली असेल. मग लॉकचा हूक किंचित सरकवूनही काम होतं. गळतीचा उगम शोधताना पाइपची धार तळापासून सुरू करून हळूहळू वर न्यावी आणि आत एकाने टॉर्च घेऊन बसावं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. माझ्या मते सगळ्यात सुंदर युक्ती उलटी आहे: काचा बंद करून ब्लोअर बाहेरच्या हवेवर पूर्ण वेगाने लावायचा आणि बाहेरून फटींवर साबणाचं पाणी फिरवायचं. आतली हवा जिथून निसटते तिथं बुडबुडे फुगतात.

आणि सीलंटला हात लावण्याआधी तळाची भोकं तपासा. धूळ, पानं, कधी व्हॅन सजवताना आत कोंबलेला फोम त्यांच्यात अडकलेला असतो. मग पाणी दाराच्या पोटात साचतं, स्पीकर बसवताना फाटलेल्या पडद्यातून गाडीत उतरतं आणि पत्र्याला आतून गंज चढतो. प्लास्टिकच्या पट्टीने भोकं मोकळी करा, पडदा ब्यूटाइल टेपने नीट चिकटवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्यावर नको. त्यातून सुटणारं ॲसिड लोखंड खातं आणि त्यावर रंगही धरत नाही. खिडकीची चौकट, स्क्रूची भोकं अशा कायमच्या जोडांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट चांगलं. तळाच्या भोकांना मात्र कधीही नाही. मग काचेवर तांब्याभर पाणी ओता. ते दाराखालून जमिनीवर पडलं, आतला गालिचा कोरडा राहिला, की म्हैसमाळचा घाट भर पावसात चढायला हरकत नाही.