पोकळी, भिंत आणि अर्धा पिक्सेल

पायांच्या धमन्यांच्या भिंतीत साचणारा प्लाक मोजण्याच्या इतिहासात पहिली साठ वर्षे प्लाक मोजलाच गेला नाही. मोजली गेली ती रक्त वाहते ती पोकळी. 1929 साली लिस्बनमध्ये दुश सांतुश यांनी महाधमनीत थेट सुई घालून क्ष-किरण चित्र घेतले आणि 1953 साली सेल्डिंगर यांनी धमनीत नळी सरकवण्याची सुटसुटीत रीत दिली. पुढची तीसेक वर्षे चित्रे तेवढी सुबक होत गेली. 1987 मध्ये ग्लागॉव्ह यांनी हृदयाच्या धमन्यांवरून दाखवले की प्लाक वाढतो तशी धमनी बाहेरच्या बाजूला रुंदावते आणि प्लाकने सुमारे 40 टक्के क्षेत्र व्यापेपर्यंत पोकळी फारशी आकसत नाही. अँजिओग्राफी स्वच्छ आली म्हणून भिंतही स्वच्छ, हे गृहीतक तिथेच मोडायला हवे होते.

भिंत पाहण्याची सोय एमआरआयने दिली. वाहत्या रक्ताचा संकेत दाबून पोकळी काळी करायची, म्हणजे भोवतीची भिंत करडी उठून दिसते. नव्वदच्या दशकात ही रीत मानेच्या धमनीवर घासूनपुसून तयार झाली. तिथे शस्त्रक्रियेत काढलेला प्लाक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून चित्राशी ताडून पाहता येत होता.

पायाचे खरे दशक त्यानंतरचे. मांडीतली धमनी बरीच सरळ जाते. श्वासाने वा हृदयाच्या ठोक्याने हृदयधमनीसारखी हलत नाही. तिचा फाटा जिथे फुटतो ती खूण धरून वर्षभरानेही तोच भाग पुन्हा गाठता येतो. 2007 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या क्रेमर यांच्या गटाने 1.5 टेस्लाच्या यंत्रावर त्याच रुग्णांची तपासणी पुन्हा केली, तेव्हा प्लाकच्या घनफळाचे आकडे उत्तम जुळले. हे यश खरे होते. मात्र आकडा दोनदा तोच येणे आणि आकडा बरोबर असणे या दोन गोष्टी त्या उत्साहात वारंवार एक मानल्या गेल्या.

फरक एका छेदावर दिसतो. पोकळीची त्रिज्या 2.5 मिलिमीटर आणि बाहेरच्या कडेची 3.5 धरली, तर भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे 19 चौरस मिलिमीटर भरते. 0.6 मिलिमीटरच्या पिक्सेलवर बाहेरची रेघ अर्धाच पिक्सेल पलीकडे गेली, की तेच क्षेत्रफळ 26 च्या घरात जाते. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढ, प्लाक कणभरही न वाढता. रेघ मारणारा दर वेळी तेवढीच चूक करत असेल तर आकडे मात्र छान जुळतात. छेद तिरका गेला तरी भिंत जाड दिसते.

आजारी पायात अडचणी आणखी वाढतात. पुढे अडथळा असेल तर रक्त रेंगाळते, पुरते काळे होत नाही आणि प्लाकचे सोंग घेते. उलट कॅल्शियम स्वतःच काळे दिसते. ते पोकळीला लागून असले तर पोकळीतच जमा होते आणि प्लाक कमी मोजला जातो. जुन्या मधुमेहींच्या पायात हे नेहमीचेच. घोट्याच्या रक्तदाबाची तपासणीही नेमकी त्यांच्यातच फसते, कारण कडक धमनी पट्ट्याने दबत नाही.

औषधांच्या चाचण्यांत या मापाचा उपयोग झाला. 2011 च्या एका चाचणीत आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्यांना एझेटिमाइब जोडून दिले. कोलेस्टेरॉल उतरले, मांडीतला प्लाक मात्र वाढला. असे निष्कर्ष पचवायला माप निःसंशय लागते, आणि पायात सूक्ष्मदर्शकाची साक्ष मानेइतकी कधी गोळा झाली नाही.

मधल्या काळात नशिबाने भिंतीच्या मापाला एक संधीही दिली होती. 2006 मध्ये गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट औषधाचा संबंध मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या त्वचा कडक करणाऱ्या आजाराशी जोडला गेला आणि गॅडोलिनियम टोचून केलेल्या एमआर अँजिओग्राफीचा दबदबा ओसरला. काळ्या रक्ताच्या रीतीला ते औषध लागत नाही. तरीही ती बहुतांशी संशोधनातच राहिली. चालताना पोटरी भरून येणाऱ्या रुग्णाच्या हाती आजही पडतो तो बहुधा पोकळी किती टक्के अरुंद झाली, हे सांगणारा रिपोर्ट.

3 टेस्लाची यंत्रे आणि त्रिमितीय पद्धती यांनी पिक्सेल बारीक केला, तिरक्या छेदाची अडचणही बरीच घटवली. कॅल्शियमसाठी अजून सीटीच लागतो, आणि धातूचा स्टेंट बसवलेला भाग मापातून सहसा वगळावा लागतो.