मायक्रोवेव्हमध्ये कोणतं भांडं ठेवाल?

माझ्या सासूबाई दुपारी घरात एकट्या असतात. गॅस चालू राहील ही धास्ती, म्हणून आम्ही मायक्रोवेव्ह घेतला. बटणं त्या दोन दिवसांत शिकल्या, पण आत कोणतं भांडं ठेवायचं हे सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं. एका दुपारी त्यांनी मेलामाइनच्या वाटीत आमटी तापवली. आमटी कोमट, वाटी मात्र चटका बसेल अशी. बोटं भाजली, वाटी हातातून सुटली. पुढे महिनाभर त्या गार आमटी-भात जेवल्या. विचारलं की म्हणायच्या, "अगं, मला गरम लागतच नाही."

असं का झालं? गॅसवर आधी भांडं तापतं, मग अन्न. मायक्रोवेव्हच्या लहरी भांड्यातून आरपार जाऊन थेट अन्नातल्या पाण्याला तापवतात. साधी काच आणि बहुतेक चिनी माती लहरींना वाट देते. मेलामाइन त्या स्वतःच शोषतं. शिवाय ते फार तापलं, तर त्यातली रसायनं अन्नात उतरू शकतात, आंबट पदार्थात जास्तच. आणि आपली आमटी तर चिंच-आमसुलाशिवाय होत नाही! ही भांडी दिसायला चिनी मातीसारखी, पण उचलायला हलकी आणि पडली तरी सहसा न फुटणारी. वाढायला खुशाल वापरा, तापवायला नको.

स्टील, पितळ, ॲल्युमिनियमवरून लहरी परततात. अन्न नीट तापत नाही, आणि भांडं भिंतीला टेकलं तर ठिणग्या उडतात. फॉइलच्या पातळ कडांचंही तेच. आहेरात आलेल्या सोनेरी काठाच्या बशा आठवतात ना? तो काठही धातूचाच असतो.

आता प्लॅस्टिक. श्रीखंडाचा, आइस्क्रीमचा डबा धुऊन ठेवायची आपली सवय चांगली आहे, पण ते डबे गार पदार्थांसाठी केलेले असतात. डबा उलटा करून बघा. त्रिकोणात 5 आकडा असेल तर ते पॉलिप्रोपिलीन, उष्णता बऱ्यापैकी सोसणारं. 1 किंवा 6 असेल तर तापवायला घेऊ नका. नुसत्या 5 वरही विसंबू नका, लहरींची खूण किंवा 'मायक्रोवेव्ह सेफ' असं लिहिलेलं हवं. आणि रश्शावर तेलाचा तवंग असेल तर तोही डबा नको. पाणी 100 अंशांना उकळतं, तेल त्याहून वर तापतं. डब्याच्या आत तवंगाच्या रेषेवर पांढुरके, खरबरीत डाग पडलेले तुम्ही पाहिले असतील. तिथे प्लॅस्टिक भाजलेलं असतं. माझं मत विचाराल तर प्लॅस्टिकच्या भानगडीत पडूच नका, दोन काचेचे वाडगे घ्या.

घरातल्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या भांड्याबद्दल शंका असेल, तर ते रिकामं भांडं आत ठेवा. शेजारी काचेच्या पेल्यात पाणी भरून ठेवा. पेला हवाच, रिकामा मायक्रोवेव्ह चालवायचा नसतो. पूर्ण ताकदीवर 1 मिनिट लावा. पाणी गरम आणि भांडं गार राहिलं, तर ते चालेल. भांडंच तापलं तर नाही. धातूच्या किंवा सोनेरी काठाच्या भांड्यावर हा प्रयोग करू नका. तडा गेलेला कप, झिलई उडालेली बरणी याही बाजूला ठेवा, मुरलेलं पाणी तापून त्या फुटू शकतात.

काचेचा वाडगा फ्रिजमधून काढून लगेच आत ठेवू नका, थोडा वेळ ओट्यावर राहू द्या. झाकण घट्ट लावू नका, वाफेला वाट हवी. आणि चांगलं भांडंसुद्धा आतल्या अन्नाने तापतंच, तेव्हा फडकं हाताशी असू द्या.

आमच्याकडे आता दोन काचेचे वाडगे सासूबाईंच्या हाताला येतील अशा खालच्या फळीवर असतात. मेलामाइनच्या वाट्या मी माळ्यावर टाकल्या. काल त्यांनी सांगितलं, "आजची आमटी जरा जास्तच गरम झाली गं."