श्रेय गोळीचे, दोष मुलाचा?

पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. एक आई आपल्या नववीतल्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. तक्रार तापाची होती. परंतु तपासणी आटोपताच त्यांनी पर्समधून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्या टेबलावर रिकामी केली. तीत मुलाच्या गोळ्या होत्या. मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या, रोज सकाळी घ्यायच्या आणि प्रत्यक्षात कंपासपेटीत साठलेल्या.

“घेतली म्हणून सांगतो आणि लपवतो. आता तुम्हीच विचारा याला, डॉक्टर.”

आईंना थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती केली. बराच वेळ मुलगा जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “काका, चांगले मार्क पडले की घरी म्हणतात, गोळी लागू पडली. भांडण झालं की विचारतात, आज गोळी घेतली नाहीस का? मग यात मी कुठे आहे?”

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. कारण तो सर्दीसाठी आला, तरी माझाही पहिला प्रश्न ‘गोळ्या चालू आहेत ना?’ हाच असे.

गोळी काय करते?

या मुलाला अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच ‘एडीएचडी’ आहे. ही मेंदूच्या विकासातील भिन्नता आहे. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ती आईच्या लाडांमुळे किंवा वडिलांच्या धाकाअभावी उद्भवत नाही. मेथिलफेनिडेट हे यावरील प्रमुख औषध. ते मेंदूतील डोपामिन व नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या रसायनांचा प्रभाव वाढवते. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास, तर दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळीचा आठ ते बारा तास टिकतो. अ‍ॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा पूर्ण गुण दिसायला मात्र काही आठवडे लागतात.

पालकहो, गोळी गणित सोडवत नाही, की शब्द आवरायला शिकवत नाही. मनात ऊर्मी उठणे आणि हात उचलला जाणे यांमध्ये ती क्षणभराची उसंत मिळवून देते. त्या क्षणात काय करायचे, हे मूलच ठरवते. म्हणूनच चांगल्या वागण्याचे श्रेय गोळीला देणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे.

नकारामागची कारणे

मूल गोळी टाळते तेव्हा त्याला हट्टी ठरवण्यापूर्वी कारण विचारावे. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, डोके किंवा पोट दुखणे हे त्रास वारंवार आढळतात. या मुलाचा डबा रोज तसाच परत येत होता. “मी आता हसत नाही, असं मित्र म्हणतात,” हेही त्याने सांगितले. औषधाने मूल निस्तेज, गप्प झाले, तर मात्रा जास्त असू शकते आणि ती बदलता येते. मात्र हा निर्णय तज्ज्ञांचा; औषध परस्पर वाढवू, घटवू किंवा बंद करू नये.

सकाळची न्याहारी गोळीपूर्वी पोटभर द्यावी. दुपारी भूक नसली, तर संध्याकाळी औषधाचा अंमल ओसरल्यावर थालीपीठ, उसळ-पोळी, दूध असे सकस खाणे द्यावे. दर सहा महिन्यांनी उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब तपासून घ्यावा. घराण्यात कोणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल, तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. छातीत दुखणे, घेरी येणे, भास होणे किंवा जीव देण्याचे विचार बोलून दाखवणे, यांपैकी काहीही घडल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मानसिक आधारासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही आहे.

हळूहळू सूत्रे सोपवा

पाच वर्षांच्या मुलाला औषध भरवायचे असते. चौदा वर्षांच्या मुलाशी औषधाबद्दल बोलायचे असते. तज्ज्ञांकडे गेल्यावर आधी त्याला बोलू द्यावे. रोजची गोळी त्याने स्वतः घ्यावी आणि कॅलेंडरवर खूण करावी. साठा मात्र पालकांच्याच कपाटात असावा. मेथिलफेनिडेट हे ‘अनुसूची एक्स’मधील, कडक नियंत्रणाखालचे औषध आहे. परीक्षेच्या दिवसांत ते मित्राला देणे धोक्याचे आणि बेकायदेशीरही आहे, हे मुलाला स्पष्ट सांगावे.

आणि एक पथ्य पालकांसाठी: भांडणाच्या वेळी गोळीचा उच्चार करू नये. मुलाचा राग कधी कधी रास्तही असतो. ‘गोळी घेतली नाहीस का?’ या एका प्रश्नाने आपण त्याचे म्हणणे न ऐकताच निकाली काढतो.

त्या दिवशी आईंना आत बोलावले आणि मुलालाच सांगायला लावले. त्या ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. पुढे तज्ज्ञांनी औषधाची मात्रा बदलली. डबा आता बहुतेक दिवशी रिकामा येतो. एखादी गोळी अजूनही चुकते. पण चुकली, की तो स्वतःहून सांगतो. कंपासपेटीत आता फक्त कंपास असतो.

परवा तो खोकल्यासाठी आला होता. मी आधी विचारले, “काय रे, कसा आहेस?” गोळीचा विषय त्यानेच काढला.