चित्राखाली 'महाराणी चिमणाबाई', पण कोणत्या?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, एखादं व्यक्तिचित्र मुलांसमोर धरलं की आपण साडी, दागिने, चेहऱ्यावरचे भाव असं विचारत बसतो. मी हल्ली आधी चित्राखालचं नाव वाचायला लावते.

राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या गायकवाड राजघराण्यातली व्यक्तिचित्रं रंगवली. समजा, त्यांतल्या एकाखाली फक्त 'महाराणी चिमणाबाई' एवढंच लिहिलंय. या कोण? "सयाजीराव महाराजांच्या पत्नी" हे उत्तर अर्धंच आहे. त्यांची दोन लग्नं झाली आणि सासरी दोघींचं नाव चिमणाबाईच ठेवलं गेलं!

सयाजीराव तसे आपल्याकडचेच. १८६३ साली मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी जन्मले; मालेगाव तेव्हा खानदेशात मोडायचं, नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. १८७५ मध्ये दत्तक गेले आणि गोपाळरावांचे सयाजीराव झाले. त्यांचं जुनं नाव चटकन सापडतं. राण्यांची माहेरची नावं मात्र शोधावी लागतात.

पहिल्या चिमणाबाई म्हणजे तंजावरच्या लक्ष्मीबाई मोहिते. लग्न १८८० मध्ये. त्यांच्याबरोबर तंजावरचे नृत्यकलावंतही बडोद्याला आले. १८८५ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षाच्या शेवटी देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई दुसऱ्या चिमणाबाई झाल्या.

आता मुलांना कामाला लावा. रविवर्मा बडोद्यात आले ते सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले त्या १८८१ च्या सुमारास. मग समोर बसवून १८८५ च्या आधी काढलेलं चित्र कोणाचं? पहिल्या चिमणाबाईंचंच. नंतरचं असेल तर? इथे वर्गात वाद होतो, कारण गेलेल्या माणसाचं चित्र फोटोवरूनही काढतात. होऊ द्या वाद.

पुढची नाती तर फारच रंगतदार. १९३९ मध्ये गादीवर आलेले प्रतापसिंहराव हे पहिल्या चिमणाबाईंचे नातू. दुसऱ्या चिमणाबाईंनी पडदा सोडला, स्त्रियांच्या स्थितीवर १९११ मध्ये सहलेखकासोबत इंग्रजी पुस्तक लिहिलं, १९२७ मध्ये पुण्यातल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांची मुलगी इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे ठरलेलं लग्न मोडून ती १९१३ मध्ये कूचबिहारची सून झाली. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी तिची मुलगी. म्हणजे देवासच्या माहेराचा धागा थेट जयपूरपर्यंत जातो, पण 'चिमणाबाई' या नावात तो दिसतच नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. बरोक काळात, १६६० च्या दशकात, पीटर लेली याने इंग्लंडच्या दरबारातल्या स्त्रियांची चित्रं काढली. त्यांतली फ्रान्सिस स्टुअर्ट १६६७ मध्ये लग्न झाल्यावर 'डचेस ऑफ रिचमंड' झाली. उमरावाची दुसरी बायको आली की तीही त्याच पदवीची धनी!

आपल्याकडे कित्येक घरांत अजून ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. म्हणून घरचा अभ्यास सोपा ठेवलाय: आजीचा किंवा पणजीचा जुना फोटो काढा आणि तिचं माहेरचं नाव, आडनाव, गाव विचारून घ्या. पालकांनो, फोटोच्या मागे ते मऊ पेन्सिलीनेच लिहू द्या, बॉलपेन दाबलं की पुढे वळ उमटतात. आणि आजी आहे तोवरच विचारा.