पिझ्झ्याचं पेपर चेकिंग

एकाच उत्तरपत्रिकेला एका सरांनी आठ मार्क दिले आणि दुसऱ्या मॅडमनी चार, तर आपण काय करतो? रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरतो! फी भरून, रांगेत उभं राहून. पण पिझ्झ्याला मार्क द्यायची वेळ आली की आपला हा न्याय कुठे जातो कोण जाणे. "शिरूरचा पिझ्झा? काहीतरीच!" एवढं म्हटलं की झाला पेपर तपासून.

या टर्मला आमच्या हॉस्टेलमधल्या काही जणींनी आणि मुलांच्या हॉस्टेलमधल्या काही जणांनी शिरूरचे पिझ्झे नीट मार्क देऊन खायचं ठरवलं. मी मूळची दौंडची, रेल्वे कॉलनीत वाढलेली. त्यामुळे सुट्टीत एसटीने न्हावरे-चौफुला करत घरी गेल्यावर दौंडचे स्लाईस तपासण्याचं काम माझ्या गळ्यात (म्हणजे पोटात!) पडलं. आणि पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. एकच दुकान, एकच संध्याकाळ, एकच ऑनियन-कॅप्सिकम. मुलांनी १० पैकी ८ दिले, आम्ही दिले ४. त्यावरून जे भांडण झालं ते इथे छापण्यासारखं नाही. पण त्यातून जे कळलं ते जरूर छापण्यासारखं आहे. कारण ज्या दुकानदार दादाला आपण मार्क देतो, त्याचा मैदा, गॅस आणि गाळ्याचं भाडं सगळं त्याच चार टेबलांवर निघतं. आणि आपले शंभर-दीडशे रुपये तरी कुठे झाडाला लागतात?

आधी त्या ८ आणि ४ चं बघू. मुलं काउंटरवर उभी राहून खात होती. आमचा इन-टाईम आड आला, म्हणून आमचा पिझ्झा पार्सल होऊन, गाडीवर बसून, गेटवर वॉचमन काकांच्या टेबलावर थोडा आराम करून वर आला. आता ओव्हनमधून निघालेल्या पिझ्झ्यात काय होतं पाहा. सॉस, कांदा, ढोबळी मिरची, चीज या सगळ्यांत पाणी असतं आणि त्याची वाफ निघत असते. उघड्या ताटलीत ती हवेत जाते. बंद खोक्यात ती पुठ्ठ्याला लागते, थंड होते, तिचं पाणी होतं आणि ते पाणी बेस पिऊन टाकतो. तिकडे चीज गरम असताना मऊ आणि वाहतं असतं, पण गार झालं की त्यातली चरबी घट्ट होते आणि चघळताना खोडरबराची आठवण येते. म्हणजे मुलांनी मार्क दिले पिझ्झ्याला आणि आम्ही दिले खोक्याला, रस्त्याला आणि इन-टाईमला! दोघंही खरंच बोलत होतो, फक्त वस्तू वेगळी होती. त्या दिवसापासून आमच्या मार्कशीटवर "काउंटर" आणि "पार्सल" असे दोन वेगळे रकाने आहेत आणि ओव्हनमधून निघाल्यापासून किती मिनिटांनी पहिला घास घेतला तेही लिहावं लागतं. (पार्सलवाल्यांसाठी टीप: खोक्याचं झाकण एका कोपऱ्यात बोटभर उघडं ठेवा. पिझ्झा थोडा गार होईल, पण चिखल होणार नाही.)

आता ओव्हनकडे वळू. इथे आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी जरा कान द्यावा. पिझ्झ्याचं माहेर म्हणजे इटलीतलं नेपल्स. तिथे अस्सल पिझ्झ्याचे नियम सांभाळणारी एक संघटना १९८४ साली स्थापन झाली. तिच्या नियमाप्रमाणे लाकडाच्या भट्टीचं तापमान ४३० ते ४८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवं आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर यायला हवा. दीड मिनिट! आपला मॅगीसुद्धा त्यात होत नाही. आता शिरूरच्या गाळ्यात या. टेबलावर ठेवायचा छोटा इलेक्ट्रिक ओव्हन, तो फार तर २५० अंशांपर्यंत जातो. नाहीतर सरळ गॅसवर तवा आणि वर झाकण.

फरक पडतो तो इथे. भाजल्याचा खमंग वास आणि तपकिरी रंग ज्या रासायनिक क्रियेने येतो, तिचं वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केलं. ही क्रिया जोरात चालायला साधारण १४० अंशांच्या वरचं तापमान लागतं. पण पृष्ठभागावर पाणी आहे तोपर्यंत तापमान १०० च्या फारसं वर जातच नाही, सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. भट्टी ४५० ची असेल तर हे पाणी काही सेकंदांत उडतं आणि आतला गोळा मऊच राहतो. २५० वर कच्चा मैदा ठेवला तर बाहेरून रंग येईपर्यंत आतलं पाणीही निघून जातं आणि पिझ्झ्याची खारी होते. मग दुकानदार काय करतो? बेकरीतून आधीच भाजलेला तयार बेस आणतो. त्याला फक्त खालून कुरकुरीत करायचं आणि वरचं चीज वितळवायचं, बास. आपण याला "रेडिमेड बेस, चीटिंग" म्हणतो. मला विचाराल तर हे चक्क चांगलं इंजिनिअरिंग आहे. हातात जेवढी उष्णता आहे तेवढीच लागेल असं डिझाईन!

म्हणून तवा पिझ्झ्यात चीजवर काळे-तपकिरी ठिपके शोधू नका. झाकणाखाली वाफ कोंडलेली असते, वरून भाजणं तिथे होणारच नाही. स्लाईस उलटा करा आणि पाठ बघा. सगळीकडे सारखा बदामी रंग आणि बोटाने टकटक केल्यावर कोरडा आवाज आला तर त्या माणसाला तवा कळतो. मधे पांढरा आणि कडेला काळा असेल तर गॅस मोठा ठेवून घाई केलेली आहे. आणि एक गंमत सांगते, अस्सल नेपल्सचा पिझ्झा मधे चांगलाच ओलसर आणि मऊ असतो. तो आपल्या हॉस्टेलमध्ये आला तर "कच्चा आहे राव" म्हणून परत जाईल.

चीजच्या बाबतीत मात्र आपल्याला कुणाकडे बघायची गरज नाही, कारण इथे आपणच मालक आहोत. शिरूरला लागून आंबेगाव तालुका. तिथल्या मंचरला १९९२ साली सुरू झालेल्या पराग मिल्क फूड्सचा मोठा चीज कारखाना आहे, "गोवर्धन" आणि "गो" हे त्यांचेच ब्रँड. दौंडला लागून बारामती. तिथे डायनॅमिक्सचा (आता श्रायबर डायनॅमिक्स) प्लांट, मोठमोठ्या बर्गरवाल्यांना चीजच्या चकत्या तिथून जातात. आणि २०२४ साली तर खुद्द शिरूर तालुक्यात, रांजणगाव एमआयडीसीत, ब्रिटानिया आणि फ्रान्सची बेल कंपनी यांचा चीज कारखाना सुरू झाला. महागणपतीचं दर्शन, फियाटचा कारखाना आणि चीज, सगळं एकाच थांब्यावर! (फियाटचा हा कारखाना कित्येक वर्षांपासून आहे. म्हणजे इटलीचं इंजिन रांजणगावात पोचून इतकी वर्षं झाली, पण इटलीचा पिझ्झा आपल्याकडे आला तो मोठ्या शहरांतून. अमेरिकन ब्रँडची भारतातली पहिली दुकानं १९९६ साली दिल्ली-बंगलोरकडे निघाली.) सांगायचा मुद्दा, पुण्यातल्या एखाद्या झगमगीत दुकानात तुम्ही ज्याला "काय चीज आहे!" म्हणता, ते कदाचित आपल्याच रस्त्यावरून टेम्पोतून गेलेलं असतं.

पण चीज म्हणजे एकच पदार्थ नव्हे. मोझरेला करताना दुधाचा घट्ट भाग गरम पाण्यात मळतात आणि ताणतात. त्यामुळे त्यातली केसीन नावाची प्रथिनं एका दिशेने दोऱ्यांसारखी लागतात, म्हणून वितळल्यावर तार निघते. डब्यातलं किंवा चकत्यांचं प्रोसेस्ड चीज वेगळं. त्यात तयार चीज काही क्षार घालून पुन्हा वितळवतात. ते क्षार प्रथिनांची जाळी सैल करतात, मग चीज एकसारखं, गुळगुळीत वाहतं, पण ताणलं जात नाही. दोन्ही खरंच चीज. तिसरा प्रकार म्हणजे दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल वापरून केलेला चीजसारखा पदार्थ. तो विकायला बंदी नाही, पण त्याला चीज म्हणून खपवणं चालत नाही. चाचणी सोपी आहे. स्लाईस हळू उचला. आजी पाक एकतारी झाला की दोनतारी हे बोटांत धरून बघते ना, तसंच. लांब तार आली तर मोझरेला भरपूर. तार नाही पण मलईसारखं ओघळलं तर प्रोसेस्ड. दोन्ही नाही, तर सरळ दुकानदाराला पाकीट दाखवायला सांगा. शिरूरच्या एका दादांनी न चिडता फ्रीज उघडून दाखवला. पुण्यात असं विचारायची माझी तरी हिंमत नाही. मोझरेला महाग म्हणून ते अर्धं-अर्धं मिसळतात हे त्यांनीच सांगितलं. आणि खरं सांगू? ते मिश्रण गार झाल्यावर नुसत्या मोझरेलापेक्षा बरं लागतं.

आता हिशोब. "एक स्लाईस" हे एकक नाही हे आधी मान्य करा. ७ इंची पिझ्झ्याचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस इंच, १० इंचीचं साडेअठ्ठ्याहत्तर. म्हणजे ७ इंची दोन पिझ्झे मिळूनही १० इंची एकाएवढे होत नाहीत! त्यात कडेचा एक इंच कोरा सोडला, तर ७ इंचीत टॉपिंगखाली येतो जेमतेम निम्मा भाग, १० इंचीत जवळपास ६४ टक्के. समजा लहान १०० ला आणि मोठा १९० ला आहे, तर चौरस इंचाला २.६० विरुद्ध २.४२ रुपये. दोघींनी एक मोठा घ्या, भांडण कडेवरून करा.

राहिला प्रश्न जिभेचा, आणि तीच सगळ्यात अविश्वासू. ब्रँडचा छापील खोका दिसला की जीभ आधीच दोन मार्क देऊन मोकळी होते. यावर उपाय जुना आहे. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ च्या आपल्या पुस्तकात एका बाईंची गोष्ट दिली आहे. कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे चवीवरून कळतं असं त्या म्हणत. आठ कप करायचे, चार असे चार तसे, क्रम उलटसुलट. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता ७० त १. (एम-थ्रीचा पेपर देताना हे आठवलं असतं तर!) खाद्यपदार्थांसाठी यातलीच एक सोपी पद्धत आहे, त्रिकोण चाचणी. तीन तुकडे द्यायचे, दोन एका पिझ्झ्याचे, एक दुसऱ्या. वेगळा कोणता ते सांगायचं. ताटल्यांवर नावं नाहीत, फक्त तीन आकडी नंबर. दोन घासांमध्ये पाणी. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश, म्हणून नऊ जणींपैकी सहा किंवा जास्त बरोबर आल्या तरच "फरक कळतो" म्हणायचं. तसं निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास आहे.

आम्ही नऊ जणी बसलो. एका बाजूला पुण्याहून आणलेला ब्रँडचा, दुसऱ्या बाजूला शिरूरचा. दोन्ही गार झालेले, एकाच तव्यावर एकाच वेळेत गरम केलेले, कडा कापून सारखे तुकडे केलेले. "डोळे मिटून ओळखीन" म्हणणाऱ्या बऱ्याच होत्या. सहाचा आकडा काही गाठता आला नाही. यावरून दोन्ही पिझ्झे सारखे असं सिद्ध होत नाही, नऊ जणींत बारीक फरक निसटू शकतो. पण "ब्रँड तो ब्रँड" म्हणून आपण जो मोठ्ठा फरक सांगतो, तो खाताना निदान आमच्या टेबलावर तरी सापडला नाही.

मार्क देताना आता आम्ही ९ ची पट्टी वापरतो. अमेरिकन सैन्याच्या जेवणासाठी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली ही पट्टी जगभर चालते. ९ म्हणजे प्रचंड आवडलं, १ म्हणजे अजिबात नाही, आणि मधला ५ म्हणजे ना आवडलं ना नावडलं. तो मधला आकडा फार कामाचा. मेसच्या दुधीला काय द्यायचे हा प्रश्न त्याने सुटला.

माझे मार्क विचाराल तर शिरूरचा तवा पिझ्झा काउंटरवर ७, पार्सल ४. घोडनदीच्या (जुनी मंडळी शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात) एका कॅफेतला मेयोनीजवाला ५, कारण मेयोनीज घातलं की सगळे पिझ्झे सारखेच लागतात. दौंडच्या एका बेकरीतला ६. तिथे बेस पावाच्याच पिठाचा, किंचित गोड, वर बारीक कांदा आणि हिरवी मिरची, चीज बेताचं. पण पाठ अशी खरपूस की मी नुसती कडच दोनदा मागितली. तो संध्याकाळी सहाच्या सुमारास खावा, भट्टीतून ताजे बेस निघतात तेव्हा. आठनंतर त्याचा ४ होतो.

आणि मोबाईलवर तारे देणाऱ्यांसाठी एक गणित. गावातल्या दुकानाला समजा १२ जणांनी मिळून सरासरी साडेचार तारे दिलेत. तुम्ही थंड पार्सलच्या रागात एक तारा दिला, की सरासरी ४.२३. शहरातल्या ४००० रेटिंगवाल्या दुकानाला तोच एक तारा दिलात तर साडेचारचे साडेचारच राहतात, तिसऱ्या दशांशात हलतात. तेव्हा तारा दाबण्याआधी निदान घड्याळ बघा. आमच्या मार्कशीटची कोरी प्रत मेसच्या नोटीस बोर्डवर लावली आहे, झेरॉक्स काढायला हरकत नाही. सर आणि मॅडम मंडळींनीही भरली तर चालेल, फक्त ग्रेस मार्क द्यायचे नाहीत.