नफा कागदावर, गल्ला रिकामा! कॅश फ्लो म्हणजे नेमके काय?

लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत ग्राहकांची गर्दी होते ती श्रावणात. खर्च मात्र कित्येक महिने आधीच सुरू झालेला असतो. माती, काथ्या, रंग, जागेचे भाडे, कारागिरांची मजुरी, सगळे आधी द्यावे लागते. ग्राहक बुकिंगला थोडी रक्कम देतो आणि उरलेली मूर्ती नेताना.

समजा, एका कारखान्यात २०० मूर्ती प्रत्येकी ५ हजारांना विकल्या जाणार आहेत. विक्री १० लाख, खर्च ७ लाख, नफा ३ लाख. पण जुलैअखेर ६ लाख खर्च झाले आणि बुकिंगचे फक्त २ लाख हाती आले. मधला ४ लाखांचा खड्डा महिना २ टक्के व्याजाच्या कर्जाने भरला, तर दरमहा ८ हजार जातात. कर्ज मिळालेच नाही, तर ऐन हंगामात मजुरी थकते आणि काम थांबते.

पैसा कधी येतो आणि कधी जातो, हा हिशेब म्हणजे कॅश फ्लो. त्यात तारखांना फार महत्त्व. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. अधिक महिन्यामुळे २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला. म्हणजे वसुली १८ दिवस उशिरा. भाडे आणि कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच.

काय करता येईल?
- महिनावार जमा-खर्च हंगामाआधीच मांडा.
- बुकिंगची रक्कम २० ऐवजी ४० टक्के घ्या. वरच्या उदाहरणातला खड्डा निम्मा होतो.
- रंग-मातीच्या दुकानदाराकडून चतुर्थीनंतर पैसे देण्याची मुदत मागा.