दिवाणाखालचे मांजर

निवाऱ्यातून मांजर आणले की साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्हाला निरोप येतो. "ताई, ते दिवाणाखालून बाहेरच येत नाही. हात घातला की फिसकारते. बाजारात सोडून द्यावे का?" जुन्या जालन्यात आम्ही बायका रक्तदाब आणि साखर तपासत घरोघर फिरतो. तेव्हा वहीबाहेरचे असे प्रश्नही येतात, आणि हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. बाजारात सोडलेले घरातले मांजर फार दिवस जगत नाही.

मांजर माजलेले नाही. ते घाबरले आहे, आणि लपणे हा त्याचा स्वतःचा इलाज आहे. वॉर्डात नवा रुग्ण पहिल्या रात्री भिंतीकडे तोंड करून पडतो. त्याला कोणी ओढून गप्पांना बसवत नाही. इथेही तेच. निवाऱ्यातला गोंगाट, अनोळखी हात, प्रवास. आणि त्यानंतर आपले घर, जिथे कुकरची शिट्टी, टीव्ही आणि नळाला पाणी आले की ड्रम भरण्याची धांदल. मांजर आपली जागा वासाने ओळखते. नव्या घरात त्याचा स्वतःचा वास कुठेच नसतो.

नेदरलँड्समध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांचा अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १० मांजरांना लपायला खोके दिले, ९ जणांना दिले नाही. खोकेवाली मांजरे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बरीच शांत दिसली. आम्हाला हे फार आवडले, कारण खोके किराणा दुकानात फुकट मिळते.

ते आडवे ठेवा, आत जुने सुती लुगडे घाला आणि पहिले काही दिवस ते धुऊ नका; त्यात मांजराचा वास मुरू द्या. वेगळी खोली असलीच पाहिजे असे नाही. दोन खोल्यांच्या घरात दिवाणावरची चादर जमिनीपर्यंत सोडली तरी आडोसा होतो. उन्हाळ्यात मात्र तापलेल्या पत्र्याखालचा कोपरा नको. घमेल्यात वाळू ठेवा, पण जेवणाच्या ताटलीपासून लांब. जेवणाशेजारी शौचाची जागा माणसाला नको असते, मांजरालाही नको असते.

मग रोज थोडा वेळ जवळ जमिनीवर बसा. तोंड किंचित बाजूला, नजर रोखायची नाही. हळू आवाजात काहीही बोला. भाजी निवडत बसलात तरी चालेल. डोळे सावकाश मिटून उघडा. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की अशा वेळी मांजरही डोळे बारीक करून उत्तर देते आणि माणसाजवळ यायला जास्त तयार होते. हुंगायला बोट पुढे करा, उचलू मात्र नका. मुलांना "हात लावू नका" सांगून भागत नाही. कोण जास्त वेळ शांत बसते, अशी पैज लावा. १४ एप्रिलची मिरवणूक दारावरून जाणार असेल तर खोके आधीच आतल्या खोलीत न्या आणि दार ओढून घ्या.

आता दवाखान्याच्या गोष्टी. घाबरलेले मांजर अर्धा-एक दिवस जेवत नाही, तेवढे चालते. पूर्ण दिवस उलटला तर पशुवैद्यांना विचारा. उपाशी मांजराचे यकृत दोन-तीन दिवसांतही बिघडू लागते. बोका लघवीसाठी सारखा जोर करतो आणि काही होत नाही, तर त्याच दिवशी धावा. मोठ्या मांजराला दुधाने बऱ्याचदा जुलाब होतात. फरशी फिनाइलने पुसू नका, ते त्याच्यासाठी विष आहे. तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर अर्धीसुद्धा नको. तिने जीव जातो.

चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते, आणि डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखा पाळायच्या. "घरचेच आहे, काय होते" हे आम्ही फार ऐकतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. मांजरालाही तीन महिन्यांपासून पुढे ही लस द्या.

आणखी एक. मांजर आणायचा हट्ट मुलांचा आणि घमेले साफ करायचे सुनेने, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. सून गरोदर असेल तर अजिबात नाही. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधतो. हे जंतू विष्ठेतून बाहेर पडल्यावर १ ते ५ दिवसांनी संसर्ग पसरवू लागतात, म्हणून वाळू रोज काढावी, घरातल्या पुरुषाने काढली तरी हरकत नाही, आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

किती दिवस लागतील? काही मांजरे आठवड्यात रुळतात, काहींना दोन-तीन महिने लागतात. आधी रात्री ताटली रिकामी होते. मग सगळे झोपल्यावर ओट्याजवळ चाहूल लागते. पुढे एखाद्या दुपारी ते खोक्याबाहेर, भर वाटेत आडवे पडलेले सापडते. तेव्हा त्याला ओलांडून जा.